पत्रकावरची अंडी आणि परसातली अंडी

पाटण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडक्यात देतो.

"घरामागे तीन गुंठे परस आहे, त्याखाली भाताचं खाचर. आज सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. बचत गटातून कर्ज मिळतंय, त्यातून अंड्यांचा धंदा करायचा विचार आहे. कराडचा एक खाणावळवाला रोज 30 अंडी घ्यायला तयार आहे. मालक म्हणतात, बीव्ही तीनशे आणू, वर्षाला तीनशे अंडी देते. पुतण्या म्हणतो, कडकनाथ आण, अंडं महाग जातं. जीपमधून पिल्लं विकणारा एक जण येतो, त्याच्याकडे 'सुधारित गावरान' आहे, दोनशे अंडी म्हणतो. सासूबाई म्हणतात, नवीन काय आणायचं ते आणा, पण माझ्या कोंबड्या विकायच्या नाहीत. सगळ्यात जास्त अंडी देणारी जात कोणती तेवढं सांगा. आणि अंड्यांसाठी कोंबडा किती कोंबड्यांमागे एक लागतो?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. खायच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, वयात आली की कोंबडा असो-नसो, अंडी घालते. त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही एवढंच. उलट असं अंडं उन्हाळ्यात जास्त टिकतं, कारण आत गर्भ वाढायचा प्रश्नच नसतो. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा. तुमच्याकडे आहे तो सासूबाईंच्या सहा जणींना पुष्कळ झाला.

आता मुख्य प्रश्न. सगळ्यात जास्त अंडी कोण देतं याचं उत्तर तुमच्या मालकांनी बरोबर दिलंय. पांढऱ्या लेगहॉर्न रक्ताच्या संकरित लेअर (खास अंड्यांसाठीच्या) कोंबड्या, म्हणजे बीव्ही तीनशे आणि तिच्यासारख्या, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. लेगहॉर्न मूळची इटलीची, लिव्होर्नो बंदरावरून तिचं नाव पडलं. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिला असं घडवलंय, की ती खायचं आणि अंडी घालायची, दुसरं काही करत नाही. खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी घालायचं थांबवून ती उबवायला बसत नाही. अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यामुळे रोज एकाच्या वर अंडं कुठलीच कोंबडी देऊ शकत नाही. त्या हिशेबाने तीनशे म्हणजे जवळजवळ कमाल.

पण ते तीनशे एका अटीवर आहेत. तिला दिवसाला 110 ते 115 ग्रॅम लेअर मॅश (अंड्याच्या कोंबडीचं तयार खाद्य) हवं, त्यात 16-17 टक्के प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम. दिवस आणि दिवा मिळून सोळा तास उजेड हवा. ती परसात चरून पोट भरणारी नाही. पांढरीशुभ्र असल्याने घारीला वरून बॅटरी लावल्यासारखी दिसते, आणि घाबरट इतकी की कुत्रं भुंकलं तरी कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसते. तिला पिंजरा किंवा बंद शेड मानवतं. तुमचं परस तिच्या काही कामाचं नाही.

म्हणून जात निवडताना मी अंडी मोजायच्या आधी खाद्य मोजतो. 115 ग्रॅमने वर्षाचे झाले 42 किलो. तीनशे अंड्यांना भागा, एका अंड्यामागे 140 ग्रॅम खाद्य. दुकानातल्या मॅशचा भाव लावा, म्हणजे एक अंडं पिकवायला नुसत्या खाद्याचे किती रुपये गेले ते कळेल. मोठे फार्मवाले मका आणि सोयापेंड ट्रकने घेतात आणि मॅश स्वतः दळतात. तुम्ही पोत्याने घेणार, वर पाटणपर्यंतचं भाडं. अंडं त्यांचंही पांढरं, तुमचंही पांढरं. खाणावळवाल्याला ट्रेमधलं अंडं स्वस्तात पाहिजे. आज तो तुम्हाला हो म्हणतोय, ज्या दिवशी फार्मचा भाव चार आणे उतरेल त्या दिवशी तो फोन उचलणार नाही. त्याचा काही दोष नाही, धंदा त्यालाही करायचाय. पण मोठ्यांच्या शर्यतीत त्यांच्याच नियमांनी पळायला मी तुम्हाला सांगणार नाही.

दुसरं टोक घ्या, तुमच्या गावरान कोंबड्या. वर्षाला पन्नास-साठ अंडी, फार तर सत्तर. ती आळशी असते असं नाही. बारा-पंधरा अंडी घातली की तिला खुडूक येते. एकवीस दिवस रवणीवर बसते. मग पिल्लं घेऊन दोन-अडीच महिने उकिरडा उकरत हिंडते, पिल्लांना सोडल्यावर कुठे पुन्हा अंड्यावर येते. वर्षात अशी तीन-चार आवर्तनं झाली की संपलं वर्ष. अंडी कमी, पण पिल्लं फुकट, दाणा मूठभर, आणि मुंगूस दिसलं की झाडावर चढायची अक्कल. खुडूक न येणारी कोंबडी अंडी देते, खुडूक येणारी पिल्लं देते. दोन्ही कामं मन लावून करणारी कोंबडी कुणी तुम्हाला विकायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

(खुडूक मोडायची असेल तर पाण्यात बुचकळणं वगैरे गावठी उपाय करू नका. खाली जाळी असलेल्या पिंजऱ्यात, गवत-भुसा न घालता, तीन-चार दिवस ठेवा. दाणा-पाणी नेहमीसारखं. पोटाखाली वारा लागला की बहुतेक जणी नाद सोडतात.)

या दोन टोकांच्या मध्ये आहेत त्या परसासाठी मुद्दाम तयार केलेल्या जाती, आणि तुमचं उत्तर तिथेच आहे. पण त्यांच्याही पत्रकांवरचे आकडे वाचताना जपा.

गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने काढली, महाराष्ट्रात गावोगाव पोहोचली आहे. परसात 130-150 अंडी देते. अंगाने भारी, कोंबडे तर चांगलेच वजनदार. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची. हीसुद्धा भारी अंगाची, अंडी 100-110. या दोन्ही जातींकडे लोक मांसही मिळतं म्हणून वळतात आणि ते ठीकच आहे. पण ज्यांना फक्त अंडी हवीत त्यांची इथे एक चूक होते. कोंबडी छान गुबगुबीत दिसते, मग हौसेने तिला वरचेवर मका टाकतात. वनराजची तलंग चरबीने भरली की अंड्यावर उशिरा येते आणि आल्यावरही चुकत-माकत घालते. सहाव्या महिन्यात तिचं वजन दोन-सव्वादोन किलोच्या पुढे जाऊ देऊ नये. लाड करायचे असतील तर हिरव्या पाल्याचे करा.

ग्रामप्रिया त्याच हैदराबादच्या संस्थेची, पण अंड्यांकडे झुकलेली. तलंग सहाव्या महिन्यात पावणेदोन किलोच्या आसपास. अंग हलकं, म्हणून पळते बरी. चरून आणि वर थोडा दाणा मिळून 160 ते 180 अंडी देते. अंडं तपकिरी आणि आकाराने चांगलं, गावरान अंड्यापेक्षा दहा-बारा ग्रॅमनी जड. कावेरी नावाची अशीच एक परसातली जात आहे, बेंगळुरूच्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेची. अंड्यांत ती ग्रामप्रियाच्या जवळपास जाते.

ब्लॅक ऑस्ट्रोलॉर्प आणि ऱ्होड आयलंड रेड या परदेशी, पण शुद्ध जाती. ऑस्ट्रोलॉर्पच्या सहा कोंबड्यांनी 1922-23 मध्ये ऑस्ट्रेलियात 365 दिवसांत 1857 अंडी घातली होती, म्हणजे कोंबडीमागे 309. हा आकडा सांगून विकणारे आजही भेटतात. त्या सहा कोंबड्या स्पर्धेतल्या होत्या हे ते सांगत नाहीत. परसात त्याच्या निम्मी मिळाली तरी समाधान माना. या दोघींचा खरा गुण वेगळा आहे. शुद्ध असल्यामुळे त्यांच्या अंड्यातून निघालेली पिल्लं आईसारखीच होतात. ग्रामप्रिया, वनराज, गिरिराज, बीव्ही या संकरातून आलेल्या. त्यांची अंडी घरी उबवून पिल्लं काढली तर पुढची पिढी घसरते, आईचा आकडा लेकीला येत नाही. त्यामुळे दर दीड-दोन वर्षांनी पिल्लं विकतच आणावी लागतात. तो खर्च पहिल्या दिवसापासून वहीत धरा.

कडकनाथबद्दल पुतण्याला माझा निरोप द्या. कोंबडी गुणाची आहे, मध्य प्रदेशातल्या झाबुआची, 2018 मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. मांस काळं, चव निराळी, गिऱ्हाईकही निराळं. पण अंडी वर्षाला ऐंशी ते शंभर. अंड्याच्या धंद्यासाठी कडकनाथ पाळणं म्हणजे दुधासाठी खिलार गाय बांधण्यासारखं आहे. महाग जातं म्हणतो, ते गिऱ्हाईक मिळालं तर. 2019 मध्ये आपल्याच पट्ट्यात, सांगली-कोल्हापूर-साताऱ्यात, कडकनाथच्या नावावर किती जणांचे पैसे बुडाले ते त्याला आठवत असेल. पिल्लं आम्ही देऊ, अंडी चढ्या भावाने आम्हीच उचलू, असा तो करार होता. जो पिल्लू विकतो तोच अंडं घेणार असेल, तर त्या अंड्याला बाजार आहे की नाही हे तुम्हाला कधी कळतच नाही.

आणि तो जीपवाला. 'सुधारित गावरान' हे जातीचं नाव नाही. त्या नावाखाली सोनाली असू शकते (ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि मूळची इजिप्तची फायोमी कोंबडी, असा बांगलादेशात केलेला संकर). दुसरा एखादा संकर असू शकतो, किंवा कशातच काही नसलेली सरमिसळ. सोनाली वाईट नाही, पण सोनाली म्हणून घ्या आणि सोनालीच्या भावाने घ्या. त्याला तीन गोष्टी विचारा. आई-बाप कोणत्या जातीचे? मरेक्सची (पिल्लांना लुळं करणाऱ्या रोगाची) लस हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवली तिथे, पहिल्याच दिवशी दिली आहे का? पिल्लं नर-मादी वेगळी केलेली आहेत की मिसळ?

तिसरा प्रश्न मी फार महागात शिकलो. पंचवीसएक वर्षांपूर्वी आठवडी बाजारात एकाकडून पन्नास पिल्लं घेतली. "सगळ्या माद्या, लेअरच्या आहेत," तो म्हणाला. लेअरचीच होती, त्यात तो खोटं बोलला नाही. फक्त लेअरच्या हॅचरीतून बाहेर काढलेले नर होते. अंड्याच्या जातीतला नर अंडी देत नाही आणि अंगही धरत नाही, म्हणून हॅचऱ्या ते कवडीमोलाने काढून टाकतात. मला चार महिने पत्ता लागला नाही. तुरे लवकर लाल झाले तेव्हा मला वाटलं, वा, तलंगा लवकर अंड्यावर येणार! मग एका पहाटे चार वाजता त्रेचाळीस कोंबडे एका सुरात आरवले. शेजारचे आजोबा काठी घेऊन आले होते. त्या आठवड्यात आमच्या आळीत कोणी माझ्याशी बोललं नाही, कोंबडे मात्र सगळ्यांनी अर्ध्या किमतीत नेले.

परसातल्या जातींची पिल्लं बहुतेक ठिकाणी मिसळच मिळतात. म्हणजे साठ घेतली तर त्यातली तीसेक नर धरायची, काही दगावणार, हातात सत्तावीस-अठ्ठावीस माद्या येतील. नर तीन-साडेतीन महिन्यांचे झाले की विकून टाकायचे. आपल्याकडे जत्रांना आणि आषाढाच्या शेवटी रंगीत कोंबड्याला मागणी असते. पिल्लांच्या आणि त्यांच्या खाद्याच्या खर्चातला मोठा भाग तिथे वसूल होतो. उरलेल्या नरांना पुढे पोसत बसू नका.

आता तुमच्यासाठी म्हणून सांगतो. ग्रामप्रिया घ्या. नाही मिळाली तर कावेरी. पण पासष्ट नाही, पंचवीस.

पासष्ट कुठून आलं विचाराल, तर तुमच्या खाणावळवाल्याकडून. रोज 30 म्हणजे वर्षाला 10,950 अंडी. कोंबडीमागे 170 धरली तर 65 कोंबड्या लागतात. चाळीस कोंबड्या म्हणजे रोज चाळीस अंडी असा हिशेब तुम्ही मनात केला असेल तर तो सोडून द्या. चाळीस ग्रामप्रियांची वर्षभराची सरासरी रोज अठरा-एकोणीस पडते. जोरात असतील तेव्हा अठ्ठावीस-तीस, पिसं झडायच्या दिवसांत सात-आठसुद्धा.

आणि पंचवीसच का? तुमचं परस तेवढ्यांनाच जेवू घालू शकतं म्हणून. मघाचा खाद्याचा हिशेब पुन्हा करू. ग्रामप्रिया चरायला सोडली, किडे, वाळवी, गवताचं बी, खरकटं, भात झोडल्यावर सांडलेले दाणे खाऊन आली, आणि तुम्ही वर पन्नास ग्रॅम भरडा दिला, तर वर्षाचे 18 किलो झाले. 170 अंड्यांना भागा, एका अंड्यामागे 107 ग्रॅम. तीनशे अंडी देणाऱ्या बीव्हीला 140 लागत होते! कमी अंडी देणारी कोंबडी इथे स्वस्त पडते, कारण तिचं अर्धं जेवण तुमच्या परसाने दिलेलं असतं. पण तीन गुंठ्यांत किडे किती असणार? वीस-पंचवीस कोंबड्या त्या जागेवर आणि खाचराच्या बांधावर चरतील. पासष्ट सोडल्या तर महिन्याभरात परस अंगणासारखं सारवलेलं दिसेल आणि पुढे सगळं खाद्य पोत्यातून द्यावं लागेल. मग तीच ग्रामप्रिया एका अंड्याला सव्वादोनशे ग्रॅम खाईल आणि तुमचा धंदा बीव्हीवाल्यापेक्षाही तोट्यात जाईल. जात तीच, गाव तेच, फक्त संख्या वाढली.

पंचवीस कोंबड्या म्हणजे वर्षाला सव्वाचार हजार अंडी, रोज सरासरी अकरा-बारा. ही खाणावळीला द्यायची नाहीत. गावात, शाळेच्या शिक्षकांना, आणि मुंबईला. तुमच्या खोऱ्यातलं निम्मं गाव मुंबईत आहे. गणपतीला, यात्रेला येणारा माणूस परत जाताना पिशवीत काय नेता येईल ते बघतच असतो. घरच्या कोंबडीच्या तपकिरी अंड्याला तो पांढऱ्यापेक्षा जास्त पैसे आनंदाने देतो. एक विनंती मात्र. त्याला 'गावरान अंडी' म्हणून विकू नका. 'परसातल्या कोंबडीची' म्हणा, ते खरंही आहे आणि पुरेसंही आहे. कवचाच्या रंगाने पोषणात फरक पडत नाही, तो जातीचा रंग आहे. बलक गर्द होतो तो मक्याने आणि हिरव्या पाल्याने. मेथी घासाचा किंवा शेवग्याचा पाला रोज एक पेंढी टांगून ठेवा, गिऱ्हाईक आपणहून परत येतं.

पिल्लं कधी आणायची, हे जात निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि याबद्दल कोणी सांगत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणा. तोवर थंडी सरलेली असते, पिल्लांना ऊब द्यायला विजेचं बिल कमी येतं, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत ती साडेतीन महिन्यांची टणक झालेली असतात. ग्रामप्रिया साडेपाच महिन्यांच्या सुमारास अंड्यावर येते, म्हणजे श्रावणाच्या आगेमागे. श्रावणात अंड्याला आपल्याकडे कोणी विचारत नाही, पण पहिली महिनाभर अंडी लहान आणि अनियमित असतात, तेव्हा नुकसान नाही, घरात पोरांना खाऊ द्या. गणपती उठेपर्यंत कोंबड्या रंगात येतात आणि थंडीतल्या मागणीला पूर्ण जोरात असतात. जूनमध्ये एक दिवसाची पिल्लं तुमच्या खोऱ्यात आणणं म्हणजे मरण विकत आणणं. खालचा भुसा ओला झाला की रक्ती हगवण आलीच.

पिल्लांसाठी आधी कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही अशी केंद्रं आहेत, तुम्हाला कोल्हापूर सोयीचं. कोणती जात कधी निघते ते विचारून आगाऊ नाव लावावं लागतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून आणि कृषी विज्ञान केंद्रातूनही माग लागतो. ग्रामप्रिया नाहीच आणि कावेरीही नाही, पण ब्लॅक ऑस्ट्रोलॉर्प आहे असं कळलं, तर खुशाल ती घ्या. गिरिराज असेल तर अंडी थोडी कमी धरा आणि नरांचे पैसे थोडे जास्त. जातीसाठी वर्ष घालवू नका.

पहिल्या आठवड्यात पिल्लांखाली 35 अंश सेल्सिअसच्या जवळ ऊब हवी, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली घोळका केला तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडून बसली तर उकडतंय. रात्रीच्या खुराड्यात कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा, खाली तांदळाचं तूस, बसायला आडवे बांबू, आणि पाच कोंबड्यांमागे अंड्यासाठी एक अंधारं खोकं. खुराड्याची जाळी बारीक आणि जमिनीत वीतभर गाडलेली हवी. मुंगूस आणि रानमांजर तुमच्याकडे आमच्यापेक्षा जास्त, तुम्हाला ते मी काय सांगणार.

लसीकरणात कुचराई करू नका, कारण मानमोडी (राणीखेत रोग) जात पाहून येत नाही. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची चौदाव्या दिवसाच्या आसपास, लासोटाची दुसरी मात्रा चौथ्या आठवड्यात, देवीची सहाव्या-सातव्या आठवड्यात, आणि मानमोडीचीच आर टू बी लस आठव्या आठवड्यानंतर. लशीची बाटली शंभर मात्रांची येते, आणि एकदा पाण्यात मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. साठ पिल्लांसाठी ती फोडायची आणि बाकी ओतून द्यायची, हे जिवावर येतं, म्हणून लोक लसच टाळतात. तुमचा बचत गट इथे कर्जापेक्षा जास्त कामाला येईल. गटातल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच सकाळी टोचून घ्या. सासूबाईंच्या सहाही जणी त्यात आल्या पाहिजेत. लस न टोचलेली जुनी कोंबडी नव्या पिल्लांत मिसळली की रोग घरातूनच पसरतो. तसंही तलंगा चार महिन्यांच्या होईपर्यंत दोन्ही कळप वेगळे ठेवा.

अंड्यावर आल्यावर भरड्याबरोबर शिंपल्याचा चुरा एका वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, जिला लागेल ती खाईल. तो नसेल तर एप्रिल-मेमध्ये पातळ कवचाची अंडी यायला लागतात, मग कोंबड्या स्वतःच ती फोडून खातात, आणि ती सवय एकदा लागली की सुरीशिवाय जात नाही.

कोण घालतेय आणि कोण फुकट खातेय ते ओळखायची जुनी खूण सासूबाईंना माहीत असेल, त्यांच्याकडून शिकून घ्या. संध्याकाळी कोंबडी हातात धरून मागच्या बाजूच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवून बघायचं. दोन-तीन बोटं सहज मावली, तुरा लाल आणि मऊ असला, तर ती घालतेय. जेमतेम एक बोट मावतंय आणि तुरा सुकलेला, तर ती नुसती पाहुणी. मात्र पिसं झडत असताना ही परीक्षा घेऊ नका, तेव्हा सगळ्याच नापास होतात. पहिलं वर्ष संपल्यावर पिसं झडून पुन्हा घालू लागली तर दुसऱ्या वर्षी अंडी थोडी कमी येतात, पण आकाराने मोठी. परसात दुसरं वर्ष ठेवायला हरकत नाही, तिसरं नको.

कर्ज जेवढं मंजूर होईल तेवढं उचलू नका. साठ पिल्लं, खुराडं, जाळी आणि अंड्यावर येईपर्यंतच्या साडेपाच महिन्यांचं खाद्य, एवढ्याचाच आकडा काढा. पहिल्या अंड्याआधीचे ते साडेपाच महिने लोक विसरतात आणि चौथ्या महिन्यात तलंगा विकून मोकळे होतात.

सासूबाईंच्या कोंबड्या विकू नका. त्यांतली कुणी माघ-फाल्गुनात खुडूक बसली तर तिच्या खाली दहा-बारा गावरान अंडी ठेवा. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. ग्रामप्रियाची पिल्लं मात्र तिच्याकडे सोपवायचा मोह टाळा, ती हॅचरीतून आलेली आहेत, त्यांना बल्बच बरा. गावरान पिल्लांना आजही गावात रोख गिऱ्हाईक आहे, आणि तो पैसा सासूबाईंचा. धंद्याच्या वहीत त्यात हात घालू नका, नाहीतर पंचवीस नव्या कोंबड्यांपेक्षा मोठा कलकलाट घरात होईल.